माझ्या जाळीत राहिलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. हातात धरायचा, काळ्या रंगाचा, डोक्यावर लोखंडी जाळी असलेला. जाळीला डाव्या अंगाला एक पोचा आलेला आहे आणि पोटावर एक स्विच आहे. स्विचवर अंगठा टेकून टेकून तिथला रंग पार उडाला आहे. दुसऱ्यांचे आवाज मोठे करण्यात माझा जन्म गेला, पण मला स्वतःचा आवाज नाही. आत्मवृत्तात आम्हा वस्तूंना बोलायची मुभा असते, म्हणून आज बोलून घेतो. एरवी मला बोलता आलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. ज्या खोक्यावर ते नाव छापलेलं होतं, ते खोकं उंदरांनी खाल्लं. बीदरच्या नौबाद भागात मल्लप्पा अण्णांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. त्यांनी मला हैदराबादहून आणलं, पहिल्यांदा वायर लावली आणि "हॅलो, हॅलो" म्हणून माझ्यावर फुंकर मारली. त्या फुंकरीला तंबाखूचा वास होता. आजही तो वास आला की मला माहेरची आठवण यावी तसं होतं.

माझ्या जाळीखाली एक पातळ पडदा आहे. कुणी बोललं की तो थरथरतो आणि ती थरथर वायरीतून पुढे जाते. स्विच खाली केला की पुढची वाट बंद होते. पण पडदा थरथरायचा थांबत नाही. स्विच वर असो की खाली, जे बोललं जातं ते माझ्यापर्यंत येतंच. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख ह्या एवढ्याशा गोष्टीत आहे.

मल्लप्पा अण्णांकडे माझे दिवस मजेत गेले. लग्नं, बारशी, बसवजयंती, भीमजयंती, उरूस, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे मी असायचो. मराठी, कन्नड आणि दखनी ह्या तीनही भाषा मला सारख्याच कळायच्या. गाणाऱ्या बाया मुद्दाम मलाच मागून घ्यायच्या. ह्या माईकात आवाज गोड येतो, असं त्या म्हणायच्या. खरं तर आवाज त्यांचाच गोड होता, पण कौतुक कुणाला नको असतं? मीही फुगून बसायचो.

अण्णांचा एक नियम मात्र फार कडक होता. बोलणारा थांबला, की आधी माईकाचा स्विच खाली करायचा आणि मगच तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ह्यालाही कारण घडलं होतं. एका लग्नात स्विच वर राहिला आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी वरणाला मीठ नसल्याचं शेजाऱ्याच्या कानात सांगितलं. ते सगळ्या मांडवानं ऐकलं. जेवणाच्या पंगती उठायची वेळ आली होती. तेव्हापासून अण्णा जो कुणी मला हाती घेईल त्याचा अंगठा धरून त्याला शिकवायचे. श्रीवत्सलाही त्यांनी असंच शिकवलं. श्रीवत्स तेव्हा लग्नसमारंभात निवेदन करायचा. पुढे त्याला सवयच लागली. समोरचा थांबला की त्याचा अंगठा आपोआप खाली जायचा, त्यासाठी त्याला विचार करावा लागत नसे.

मग दिवस पालटले. बिनवायरीचे माईक आले, छाती हादरवणारे मोठे डबे आले. अण्णांचे गुडघे गेले, धंदा मुलानं घेतला आणि मी एका पत्र्याच्या पेटीत जाऊन पडलो. किती वर्षं गेली कुणास ठाऊक. पेटीत कुणी बोलत नाही. माझा पडदा तिथं फक्त उंदरांच्या खुडबुडीनं थरथरायचा.

एके दिवशी पेटी उघडली. समोर श्रीवत्स उभा होता. तो आता एका खासगी शाळेत शिक्षक झाला होता आणि संध्याकाळी मोबाइलवर आपल्या भागातल्या बातम्यांचा चॅनेल चालवत होता. त्याला लोकांसमोर धरायला एक माईक हवा होता. अण्णा म्हणाले, "घेऊन जा की. जुनं लोखंड हाय. पडला तरी मरत न्हाई." श्रीवत्सनं मला पुसलं, डोक्यावर लाल स्पंजची टोपी चढवली आणि वायरीचं टोक मोबाइलला जोडलं. म्हातारपणी पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं मला. रस्त्यावरचे खड्डे, बसची वाट बघणाऱ्या मुली, तुरीचा भाव, अशी सगळ्यांची गाऱ्हाणी मी इमानानं पुढे पोचवली.

सगळ्यात जास्त लोक बघायचे ते सिनेमांचे अभिप्राय. नवा सिनेमा लागला, की श्रीवत्स मला घेऊन थिएटरच्या दारात उभा राहायचा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "कसा वाटला?" मित्रांनो, मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. पण अभिप्राय इतके ऐकले आहेत, की कुठल्याही सिनेमाची गोष्ट मी तुम्हाला सांगू शकेन.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात बीदरला एक युद्धाचा सिनेमा लागला. लोकांच्या बोलण्यावरून मला त्याची गोष्ट कळली ती अशी. सहा जवान शत्रूच्या मुलखात अडकतात. परतीची वाट तुटते, पाणी संपतं, गोळ्या संपत येतात. पाच जण शेवटपर्यंत लढतात. सहावा मात्र हात वर करून शत्रूकडे चालत जातो. तो भेकड असतो. शेवटी शत्रूच त्याला मारतो आणि थिएटरात शिट्ट्या पडतात.

त्या संध्याकाळी थिएटरच्या दारात ही गर्दी. सिनेमावाल्यांनी हलगीवाले आणून बसवले होते, पोरं नाचत होती. कॉलेजातला एक जण म्हणाला, एक नंबर, पुन्हा बघणार. एक शिक्षिका म्हणाल्या, गाणी एवढी कशाला, लढाईत कुणी गातं का. एका गृहस्थांची तक्रार होती, की नायकाची दाढी सैन्यात चालत नाही. आणि बहुतेक सगळे शेवटी त्या एकाच प्रसंगावर यायचे. हात वर करणाऱ्याला मारला तेव्हा बरं वाटलं, असं दहा-बारा जणांनी तरी माझ्यासमोर सांगितलं. एक बाई तर म्हणाल्या, की त्याच्या आईनं असा मुलगा जन्माला घालायलाच नको होता. मी सगळं जसंच्या तसं पुढे पाठवलं. मनानं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, हाच माझा धर्म.

सगळ्यात शेवटी एक म्हातारे गृहस्थ कठड्याला धरून पायऱ्या उतरले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, अंगानं वाळलेले, पण पाठ सरळ. त्यांची नात रूपाली त्यांना सिनेमाला घेऊन आली होती. ती बीदरला नर्सिंग शिकत होती आणि त्या वेळी गाडी आणायला पार्किंगकडे गेली होती. श्रीवत्सनं मला त्यांच्यासमोर धरलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

ते सावकाश बोलले. एकेक वाक्य तोलून.

"पिच्चर बरा हाय. पर ते हात वर करणारं खोटं दाखवलेत. हात वर करणारा भेकडच असतो असं न्हाई. मी रत्नपाल, संतपूरचा. एकाहत्तरला मी सैन्यात होतो. मी बी असाच अडकलो. मी बी हात वर केलो."

एवढं बोलून ते थांबले. मोठा श्वास घेतला. ते थांबणं फार लांबलं. श्रीवत्सला वाटलं, झालं ह्यांचं. त्याचा अंगठा खाली गेला. टिक.

तेवढ्यात रत्नपालांनी हात पुढे केला आणि मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "थांब बाळा, आजून हाय," ते म्हणाले. श्रीवत्सला आनंद झाला. तो चार पावलं मागे सरकला, म्हणजे मागचं सिनेमाचं मोठं चित्रही मोबाइलात यावं. त्याच क्षणी हलगी कडाडली. त्याला म्हाताऱ्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. पण त्यानं फिकीर केली नाही. माईकात जातंय, घरी जाऊन निवांत ऐकू, असं त्याला वाटलं.

माईकात जात होतंच. फक्त माझ्यापुढे जात नव्हतं.

मित्रांनो, त्या चार-पाच मिनिटांत रत्नपालांनी जे सांगितलं, ते त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे ओठ माझ्या टोपीला टेकले होते.

ते पाच जण होते. वाळूचा मुलूख, वाट तुटलेली. त्यांच्यात भालकीकडचा सिद्धलिंग नावाचा जवान होता. त्याच्या मांडीत गोळी शिरली होती. रात्र पडल्यावर तिघं निसटून गेले. रत्नपालांनाही जाता आलं असतं. त्यांनी सिद्धलिंगाला पाठीवर घेऊन पाहिलं, पण शंभर पावलं गेल्यावर रक्त थांबेना. सिद्धलिंग म्हणाला, मला टाक आणि जा. रत्नपाल गेले नाहीत. उजाडल्यावर त्यांनी अंगातली बनियन काढून बंदुकीला बांधली आणि हात वर केले, म्हणजे निदान तिकडचा डॉक्टर त्याला पट्टी तरी बांधेल. डॉक्टरनं बांधलीही. सिद्धलिंग त्यानंतर अकरा दिवस जगला.

"गावाकडं आमच्या माणसानं त्यांच्या घागरीला हात लावलेला चालत नव्हता," रत्नपाल म्हणाले. "तिथं माझ्या ओंजळीनं अकरा दिवस पाणी पिला."

तापात त्याला काही सुचायचं नाही. तो रत्नपालांचा हात धरायचा आणि त्यांनाच शिवम्मा म्हणून हाक मारायचा. शिवम्मा ही त्याची धाकटी बहीण. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती हुलसूरला नांदायला गेली होती. आमच्याकडे नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी आणतो, झाडाला झोका बांधतात. लग्नानंतरची पहिली पंचमी तर चुकवतच नाहीत. पण सिद्धलिंगाला रजा मिळाली नव्हती आणि शिवम्माची ती पंचमी सासरीच गेली होती. अकरा दिवस तो तापात तिलाच झोका देत होता. "शिवम्मा, भिऊ नको, मी मागं हाय," असं सारखं म्हणायचा. शेवटच्या दिवशी तो पूर्ण शुद्धीवर आला. रत्नपालांना म्हणाला, तू सुटलास तर पंचमीला तिला आणायला जा.

रत्नपाल दुसऱ्या वर्षी सुटून आले. तोवर गावानं आपल्यापुरती एक गोष्ट रचून ठेवली होती. दोघंही बेशुद्ध सापडले म्हणून धरले गेले, अशी. सिद्धलिंगाच्या घरीही तीच पोचली होती. रत्नपालांनी ती खोडली नाही. पुढच्या पंचमीला ते नारळ आणि लाह्या घेऊन हुलसूरला गेले, दिवसभर स्टँडवर बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. काय तोंडानं त्या दारात उभं राहू, असं त्यांना झालं. नंतर दरवर्षी जाऊ जाऊ म्हणत राहिले.

शेवटी त्यांनी मला अगदी तोंडाशी धरलं.

"शिवम्मा, ऐकायलीस का? उशीर झाला. पर निरोप पोचवलो बघ."

त्यांनी मला श्रीवत्सच्या हाती दिलं आणि हात जोडले. त्यांचा चेहरा जड ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा झाला होता. श्रीवत्सनं सवयीनं स्विचवर अंगठा दाबला. स्विच खालीच होता. त्याला काही वेगळं जाणवलं नाही.

घरी गेल्यावर त्यानं मोबाइल उघडला. पहिली वाक्यं स्वच्छ, आणि पुढे नुसते हलणारे ओठ. त्यानं आवाज वाढवून पाहिला, कानात घालून पाहिलं, माझी वायर हलवून पाहिली. वायर सैल झाली असणार, असं म्हणून त्यानं मला टेबलावर ठेवलं. मी तिथंच होतो. माझ्या जाळीत सगळं होतं. माझा स्विच त्याच्या डोळ्यांपुढे खाली पडलेला होता आणि त्यानं तो पाहिला नाही. मला एवढंसुद्धा करता येईना, की घरंगळून त्याच्या हाताला लागावं.

त्यानं दुसऱ्या दिवशी संतपूरला जाऊन पुन्हा विचारायला हवं होतं. औरादच्या बसनं फार तर दीड-दोन तास लागले असते. पण त्याच संध्याकाळी सगळे चॅनेलवाले आपापले अभिप्राय टाकत होते आणि त्याला मागं राहायचं नव्हतं. मूळ मुद्दा आलाय की, असं तो बायकोला म्हणाला. सुरुवातीचा तेवढाच तुकडा त्यानं टाकला आणि वर लिहिलं, 'एकाहत्तरचा जवान म्हणतो, मीही हात वर केले होते.' श्रीवत्स वाईट माणूस नाही, मित्रांनो. त्याला घाई झाली होती, एवढंच.

आता सिनेमा बाजूला राहिला आणि लोक रत्नपालांवरच अभिप्राय देऊ लागले. श्रीवत्स ते बायकोला वाचून दाखवायचा. पहिल्या दिवशी हौसेनं, दुसऱ्या दिवशी आवाज खाली आणून. भेकड. गद्दार. ह्याची पेन्शन बंद करा. जगला कशाला. तिसऱ्या दिवशी त्यानं वाचायचं सोडून दिलं.

चौथ्या दिवशी हुलसूरहून फोन आला. एका बाईला बोलायचं होतं. श्रीवत्स मला घेऊन गेला. बाजेवर सत्तरीची एक बाई बसली होती, ठसठशीत कुंकू पुसल्याला बरीच वर्षं झालेली, कपाळावर विभूती. तिनं नाव सांगितलं आणि ती पुढचं बोलण्याआधीच माझा पडदा थरथरला असावा. ती शिवम्मा होती. स्विच वर होता. तिचा शब्द न् शब्द पुढे गेला.

"आम्हाला कागद आलता की भाऊ तिकडं कैदेतच वारला. बाकीचे तिघं सुटून आले. ह्या माणसानं हात वर केला म्हणून माझा भाऊ त्यांच्या हातात सापडला. इतके वर्षं मला वाटलं, दोघं बेशुद्ध होते. ह्यानं माझ्या भावाला नेऊन दिला."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज आणि रत्नपालांचा आवाज, दोन्ही ह्या एकाच जाळीत होते. मध्ये बोटभरसुद्धा अंतर नव्हतं. ऐक, तो तुलाच सांगून गेलाय, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण दुसऱ्याचं बोलणं पोचवणाऱ्याला आपलं म्हणून एक अक्षर काढता येत नाही. म्हातारा पुढे काहीतरी बोलला होता आणि त्याचा आवाज आला नव्हता, हे श्रीवत्सला माहीत होतं. त्यानंही तोंडात मूग धरले. तेही बोलणं त्यानं चॅनेलवर टाकलं.

पुढे संतपुरात काय झालं ते मला रूपालीकडून कळलं. प्रजासत्ताक दिन झाल्यावर एका दुपारी ती श्रीवत्सच्या घरी आली. रत्नपालांच्या हस्ते शाळेचा झेंडा वर जायचा, गेली वीस-बावीस वर्षं. ह्या वर्षी बोलावणं आलं नाही. म्हाताऱ्यानं सदरा इस्त्री करून ठेवला होता. सकाळी नऊपर्यंत ते अंगणात बसून राहिले, मग सदरा घडी घालून ठेवून दिला. झेंड्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. पण शिवम्माचं बोलणं ऐकल्यापासून त्यांनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"आबा म्हणतेत, ती सगळं ऐकून बी असं म्हणली, तर तिचा हक्क हाय," रूपाली म्हणाली. "मी त्या दिवशी गाडी आणायला गेलते. आबा काय बोलले ते मला ठाव न्हाई. त्या व्हिडिओत तर एवढंच हाय, आबानं तो बघितला बी न्हाई. बाकीचं कुठं हाय, सर?"

श्रीवत्सनं मान खाली घालून तिला मूळ चित्रण दाखवलं. हलणारे ओठ. रूपालीनं ते दोनदा पाहिलं. मग तिनं टेबलावरून मला उचललं, वळवून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलात बघितलं. त्या चित्रात आजोबांच्या मुठीच्या वर माझा खाली केलेला स्विच दिसत होता. तिनं बोट ठेवून दाखवलं. श्रीवत्सनं स्वतःच्या अंगठ्यानं तो वर-खाली करून पाहिला.

दोघं त्याच दिवशी मला घेऊन संतपूरला गेले. श्रीवत्सनं सगळं कबूल केलं, आढेवेढे न घेता. मला वाटलं, म्हातारा आता रागावणार. रत्नपालांनी माझ्या स्विचकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे एकदम उजळले.

"म्हंजे शिवम्मानं ऐकलीच न्हाई?" ते म्हणाले. "ऐकून नाकारली न्हाई?"

मित्रांनो, गावानं तोंड फिरवलं, सगळ्या जगानं शिव्या घातल्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. ती एक बाई आपलं ऐकून पाठ फिरवून गेली, हे त्यांना लागलं होतं. ते हसले आणि मग रडले. श्रीवत्सनं लगेच स्विच वर करून मला पुढे केलं. काका, पुन्हा सांगा, आत्ता सांगा, मी आज रात्रीच टाकतो, असं तो म्हणाला. रूपालीनंही विनवलं, मला तरी सांगा. रत्नपालांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला बाजूला केलं.

"आधी बाजारात सांगितलो, तीच चूक झाली. आता आधी तिला. तिच्या दारात जाऊन, तिच्या तोंडापुढं. पंचमीला जाणार. तिला इकडं घेऊन येणार. तिचं माहेर आता हेच."

पंचमीला सहा महिने होते. उद्याच जाऊ, मी गाडी करतो, असं श्रीवत्स काकुळतीनं म्हणाला. पण म्हातारा हटून बसला. तिच्या भावाचा निरोप पंचमीचा होता. पंचमीशिवाय बहिणीला आणायला जाण्याला काय अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं. एवढी वर्षं थांबलो, अजून सहा महिने थांबीन, म्हणाले. त्यांनी शेतातून जाड दोरखंड आणवला आणि दारातल्या लिंबाची कुठली फांदी झोक्याला पेलेल ते रूपालीला दाखवून ठेवलं.

मी ऐकत होतो. ह्या घरात ते सगळं ठाऊक असलेले दोघेच होतो, ते आणि मी. आणि मी कुणाच्या मोजणीत नव्हतो.

श्रीवत्सनं माफीचा व्हिडिओ टाकला. शिवीगाळ बघायला जेवढे आले होते, त्यातले माफी बघायला फार थोडे आले. त्यानं त्या दिवसापासून सिनेमाचे अभिप्राय घेणं सोडलं.

बुद्ध पौर्णिमा झाली आणि त्यानंतरच्याच आठवड्यात, भर उन्हाळ्यात, रत्नपाल दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. श्रीवत्सच्या फोनवर रूपालीचं बोलणं मी ऐकलं. ती म्हणत होती, आबा गेले आणि त्यांच्यासंगं ते बी गेलं.

ते गेलं नव्हतं, मित्रांनो. ते माझ्याजवळ होतं. पण माझ्याजवळ असणं आणि नसणं सारखंच होतं.

पंचमीच्या दिवशी रूपाली हुलसूरला निघाली. नारळ, लाह्या आणि एक नवं लुगडं घेऊन. श्रीवत्सही गेला. त्याच्या पिशवीत मी होतो, वायर न लावलेला. शिवम्मानं त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. रूपालीनं श्रीवत्सला पुढे येऊ दिलं नाही. स्विचचं तिनंच सांगितलं, सदऱ्याचं सांगितलं, अंगणात बांधायच्या झोक्याचं सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या भावाचा निरोप होता, पंचमीला तुम्हाला आणायचं. आबाला जमलं न्हाई. मी आलेय."

शिवम्मा उंबऱ्यावर टेकली. पंचमीला कुणीतरी आणायला येण्याची तिनं वाट पाहणं कधी सोडलं असेल, कोण जाणे. मग तिनं विचारलं.

"मरताना माझं नाव घेतला का गं?"

"माहीत न्हाई, आज्जी. ते तुम्हालाच सांगणार होते."

"ह्याच्यात बोलले होते म्हणतेस न्हवं? कुठं हाय ते?"

श्रीवत्सनं मला पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं. ह्यात काही साठत नसतं अक्का, असं तो पुटपुटला. तरीही तिनं माझी लाल टोपी काढली आणि मला कानाशी धरलं. माझा पडदा तिच्या कानापासून बोटभर अंतरावर होता. तिच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. तिला माझ्यातून काहीच ऐकू आलं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मला पदरानं पुसलं आणि परत दिलं. मग ती आत गेली, पिशवीत दोन लुगडी भरून घेऊन आली आणि रूपालीच्या मागं संतपूरला निघाली.

आता मी श्रीवत्सच्या कपाटात असतो. माझ्या जाळीवर गंज धरू लागला आहे. मला पुसा, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जुन्या लोखंडाला जपून काय करायचं? कुणी म्हातारं माणूस तुमच्यासमोर थांबत थांबत बोलत असेल, तर ते यंत्रावर सोपवून चार पावलं मागे जाऊ नका, एवढंच मागणं आहे. त्याच्याजवळ उभे राहा. ते थांबलं, तरी लगेच संपलं असं समजू नका.

आणि आणखी एक काम आहे. ते मला होण्यासारखं नाही, तुम्हाला आहे. शिवम्मा आता दर पंचमीला संतपूरला येते, रत्नपालांच्या दारातल्या लिंबाखाली बसते, पण रूपालीनं बांधलेल्या झोक्यावर चढत नाही. कधी तिकडे गेलात, तर तिच्याजवळ जाऊन तिला सांगा, नाव घेतलं होतं म्हणावं. अकरा दिवस दुसरं कुणाचं घेतलंच नाही. भिऊ नको, मी मागं हाय, म्हणाला होता.